सागरतळाची पेरणी आणि बेसावध बंदरे

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सुट्टीच्या दिवसांत गर्दी असते. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात वडील मुलांना हाताशी धरून एकेका रणगाड्यापुढे उभे करतात. पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन रणगाडा दिसला की मुलांचे डोळे विस्फारतात आणि वडिलांची मान नकळत ताठ होते. जुन्या नावाने अहमदनगर आणि बोलण्यात नुसते ‘नगर’ असलेले हे शहर दीर्घकाळ चिलखती दलाचे माहेरघर आहे. १९७१ च्या युद्धाचे ढग दाटून आले तेव्हा ‘पूना हॉर्स’चे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल येथेच प्रशिक्षण घेत होते. येथूनच ते रणभूमीकडे गेले आणि १६ डिसेंबर रोजी बसंतरच्या संग्रामात वयाच्या एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडून परमवीर चक्राचे मानकरी ठरले.

नगरच्या माणसाला युद्ध कळते ते असे. लोखंड दिसते, तोफेचे तोंड दिसते, हुतात्म्याची प्रतिमा दिसते. परंतु त्याच डिसेंबर महिन्यात भारताच्या पूर्व किनाऱ्यावर एक असे युद्ध लढले गेले, ज्यात दिसण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते. समुद्राच्या तळाशी सुरुंग पेरण्यासाठी आलेली एक पाणबुडी, तिला चकवणारी एक म्हातारी विनाशिका आणि मध्यरात्रीचा एक स्फोट, एवढेच ते युद्ध. ‘गाझी’ हे त्या पाणबुडीचे नाव. समुद्रापासून दूर, दुष्काळाशी झुंजणाऱ्या जिल्ह्यातील माणसाने तिची कथा का आठवावी, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे आवश्यक आहे.

‘गाझी’ ही मूळची अमेरिकन पाणबुडी. १९४५ साली ‘डायब्लो’ या नावाने ती अमेरिकी नौदलात दाखल झाली आणि १९६४ साली पाकिस्तानच्या हाती आली. त्या वेळी भारताकडे एकही पाणबुडी नव्हती, हे आजच्या पिढीला खरे वाटणार नाही. १९६५ च्या युद्धात हीच ‘गाझी’ मुंबईच्या समुद्रात दबा धरून होती. ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ ही युद्धनौका तिने बुडविल्याचा दावा पाकिस्तानने केला. मुंबईत सुखरूप असलेली ‘ब्रह्मपुत्रा’ परदेशी नौदल प्रतिनिधींना प्रत्यक्ष दाखवून भारताने तो दावा खोटा पाडला. दावा खोटा ठरला, पण धोका खरा होता. त्यानंतर १९६७ पासून सोव्हिएत बनावटीच्या पाणबुड्या भारतीय नौदलात येऊ लागल्या. त्यांपैकी एकीला शिवछत्रपतींनी १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी उभारलेल्या जलदुर्गाचे, ‘खांदेरी’चे, नाव देण्यात आले. ६ डिसेंबर १९६८ रोजी ती सेवेत रुजू झाली.

इकडे ‘गाझी’ची दुरुस्ती तुर्कस्तानात झाली आणि तेथे तिला पाणसुरुंग पेरण्याची क्षमता देण्यात आली. १४ नोव्हेंबर १९७१ रोजी तिने कराचीचा किनारा सोडला. पाकिस्तानच्या इतर पाणबुड्यांना बंगालच्या उपसागरापर्यंतचा पल्ला झेपणारा नव्हता. तो ‘गाझी’लाच झेपत होता. तिच्यावर कामे दोन होती. भारताची एकमेव विमानवाहू नौका ‘विक्रांत’ शोधून बुडविणे हे पहिले आणि विशाखापट्टणमच्या बंदरासमोर सुरुंग पेरणे हे दुसरे.

पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांना या धोक्याची जाणीव होती. ‘विक्रांत’च्या बॉयलरमध्ये बिघाड होता, तिचा वेग मर्यादित होता. उघड्या समुद्रात तिला पाणबुडीच्या तावडीत सापडू देणे म्हणजे पूर्वेकडील सारी योजना धुळीस मिळविणे होते. तिला गुप्तपणे अंदमानकडे हलविण्यात आले आणि ‘राजपूत’ या दुसऱ्या महायुद्धकाळातील, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या विनाशिकेला ‘विक्रांत’चे सोंग देण्यात आले. विमानवाहू नौकेला शोभेल असा भरघोस बिनतारी संदेशांचा मारा ‘राजपूत’वरून सुरू झाला. विशाखापट्टणमच्या बाजारात मोठ्या नौकेला लागेल एवढ्या शिध्याची मागणी नोंदविण्यात आली. आग्र्याहून शत्रूच्या पहाऱ्यातून निसटताना महाराजांनी जी युक्ती वापरली, तिच्याशी या डावाचे नाते सांगता येईल. शत्रूने जे पाहायला हवे तेच त्याला दाखवायचे आणि जे जपायचे ते अलगद दूर न्यायचे.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी युद्ध सुरू झाले. लेफ्टनंट कमांडर इंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली ‘राजपूत’ मध्यरात्रीच्या सुमारास बंदराबाहेर पडली. पाण्यात संशयास्पद खळबळ दिसताच तिने दोन डेप्थ चार्ज टाकले आणि ती पुढे निघून गेली. त्यानंतर थोड्याच वेळात झालेल्या प्रचंड स्फोटाने किनाऱ्यावरील घरांची तावदाने हादरली. सकाळी मासेमारांच्या हाती काही अवशेष लागले. पाणबुड्यांनी तळाशी जाऊन पाहिले तेव्हा ‘गाझी’ नव्वदहून अधिक नौसैनिकांसह तळाशी विसावलेली आढळली. ‘विक्रांत’ सुरक्षित राहिली आणि ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बझार व चितगाव येथील शत्रूच्या तळांवर मारा सुरू केला.

‘गाझी’ नेमकी कशाने बुडाली, यावर आजही वाद आहे. भारतीय नौदलाने श्रेय ‘राजपूत’ला दिले. पाकिस्तानच्या मते तिच्याच सुरुंगाचा स्फोट झाला. पाणबुडीच्या पोटातच स्फोट झाला असावा, असे मानणारे भारतीय अभ्यासकही आहेत. त्या घटनेची काही कागदपत्रे नष्ट झाल्याचे वृत्त २०१० साली प्रसिद्ध झाले तेव्हा अनेकांना दुःख झाले, आणि ते योग्यच होते. जे राष्ट्र आपल्या विजयाचे दप्तर जपत नाही, ते पुढच्या पिढीला पुराव्याऐवजी केवळ अभिमान देऊन जाते. राष्ट्रभक्ताने सत्याला भिण्याचे कारण नाही. स्फोट डेप्थ चार्जचा असो वा ‘गाझी’च्या स्वतःच्या सुरुंगाचा, ‘विक्रांत’ वाचविण्याचा डाव यशस्वी झाला याबद्दल दुमत नाही. श्रेय त्या सावधगिरीचे आहे. तळाशी निजलेले शत्रूचे खलाशीही आपल्या ध्वजासाठी घरदार सोडून आले होते. पराभूत शूराचा मान राखण्याची रीत या भूमीला नवी नाही.

खरा धडा याच्या पलीकडचा आहे. ‘गाझी’ची कथा पुस्तकांतून आणि २०१७ च्या चित्रपटातून घराघरांत पोहोचली, ती ‘विक्रांत’ विरुद्ध पाणबुडी अशा चित्तथरारक द्वंद्वाच्या रूपात. तिची दुसरी कामगिरी, सुरुंग पेरण्याची, मात्र जनमनातून निसटली. वास्तविक भारतासाठी आज अधिक मोलाची शिकवण तीच आहे.

पाणसुरुंग हे गरिबाचे आणि चोराचे शस्त्र म्हटले जाते. पाणबुडी ज्या नळ्यांतून पाणतीर सोडते त्याच नळ्यांतून ती रात्रीच्या अंधारात सुरुंग बाहेर सोडते आणि निघून जाते. काही सुरुंग साखळीने बांधून पाण्यात तरंगत ठेवले जातात, काही तळाशी गाळात पडून राहतात. वरून जाणाऱ्या जहाजाचे लोखंड, त्याच्या यंत्रांचा आवाज किंवा पाण्याच्या दाबातील बदल ओळखून ते फुटतात. पहिली काही जहाजे सुखरूप जाऊ द्यायची आणि नंतरचे नेमके उडवायचे, अशीही योजना त्यांत करता येते. पेरणारा निघून गेल्यावर पीक कोणत्या दिवशी उगवेल हे पेरणाऱ्यालाही ठाऊक नसते. शेतकऱ्याची पेरणी जीवन देते, ही पेरणी मृत्यू. दोन्हींत एक साम्य मात्र आहे. पेरले ते दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून ते नाही असे समजणारा फसतो.

याची उदाहरणे पहिल्या महायुद्धाने रक्ताने लिहून ठेवली आहेत. २७ फेब्रुवारी १९१६ रोजी ‘मलोजा’ नावाचे प्रवासी जहाज मुंबईकडे निघाले असता इंग्लंडच्या डोव्हर किनाऱ्याजवळ बुडाले. ‘यूसी-६’ या जर्मन पाणबुडीने पेरलेल्या सुरुंगावर ते आदळले होते. दीडशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत या देशातील अनेक खलाशी होते. त्याच वर्षी ५ जून रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेस ‘हॅम्पशायर’ ही युद्धनौका ‘यू-७५’ ने आठवडाभर आधी पेरलेल्या सुरुंगाने बुडाली. सातशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यांत ब्रिटनचा युद्धमंत्री लॉर्ड किचनेरही होता, जो १९०२ ते १९०९ या काळात भारतातील ब्रिटिश फौजांचा सरसेनापती होता. ज्या माणसाच्या शब्दावर लक्षावधी सैनिक हलत, त्याला ज्या पाणबुडीने मारले ती त्या क्षणी जवळपासही नव्हती.

नगरकरांना याहूनही जवळचा एक प्रसंग आहे. त्या महायुद्धात जर्मन कैद्यांची भारतातील प्रमुख छावणी नगरलाच होती. तारेच्या कुंपणाआड जर्मन बसलेले पाहून येथील इंग्रज अधिकाऱ्यांना शत्रू जेरबंद झाल्याचे समाधान वाटत असेल. पण १९१७ साली ‘वुल्फ’ या जर्मन जहाजाने थेट मुंबईबाहेर सुरुंग पेरले. ते जहाज पाणबुडी नव्हते, व्यापारी जहाजाच्या वेषातील लुटारू होते. शस्त्र मात्र तेच. त्या वर्षीच्या जूनमध्ये ‘मंगोलिया’ हे टपाल व प्रवासी घेऊन येणारे मोठे जहाज मुंबईजवळ त्या सुरुंगाने बुडाले. नगरला कैदी मोजले जात होते आणि मुंबईच्या दारात मृत्यू पेरलेला होता. जमिनीवरची सुरक्षितता समुद्रावरच्या बेसावधपणाची भरपाई करू शकत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

त्याहीपूर्वी, चार शतकांमागे, नगरच्या सत्तेने हाच धडा मोठी किंमत मोजून घेतला होता. निजामशाहीची राजधानी नगर. तिचे समुद्राचे दार चौल. चौलच्या खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीज बसले. १५७० साली मुर्तजा निजामशहाने प्रचंड फौजेनिशी पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला. महिनोन्‌महिने तोफा धडधडल्या, पण पोर्तुगीजांना समुद्रावाटे कुमक येतच राहिली आणि १५७१ साली निजामशहाला तह करावा लागला. घोडदळ होते, तोफखाना होता, पैसा होता; आरमार नव्हते. निजामशाहीच्या चाकरीत वाढलेल्या शहाजीराजांच्या पुत्राने मात्र हे ओळखले. ज्याचे आरमार त्याचा समुद्र, हा विचार शिवछत्रपतींनी प्रत्यक्षात आणला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी तो पश्चिम किनाऱ्यावर गाजविला.

एकदा सुरुंग पेरले की ते काढण्याची किंमत काय असते, हे १९७१ च्या युद्धानेच दाखविले. पाकिस्तानी फौजेने माघार घेताना चितगावच्या परिसरात सुरुंग टाकले होते. ढाका मुक्त झाला, शरणागतीवर सह्या झाल्या, पण नव्या बांगलादेशाचे प्रमुख बंदर धोकादायकच राहिले. ते साफ करण्यासाठी सोव्हिएत नौदलाला १९७२ पासून १९७४ पर्यंत राबावे लागले आणि त्यात एका तरुण सोव्हिएत नौसैनिकाचा प्राण गेला. युद्ध तेरा दिवसांत संपले, सफाईला दोन वर्षे लागली. भुकेल्या देशाच्या अन्नधान्याची जहाजे त्या काळात जीव मुठीत धरून येत होती.

या पार्श्वभूमीवर भारताची आजची स्थिती तपासली पाहिजे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भारताने सोव्हिएत बनावटीच्या बारा सुरुंगनाशक नौका, ज्यांना ‘माइनस्वीपर’ म्हणतात, टप्प्याटप्प्याने घेतल्या. त्या एकेक करून निवृत्त झाल्या. शेवटची ‘कोझिकोडे’ एप्रिल २०१९ मध्ये विशाखापट्टणम येथे, जेथे ‘गाझी’ सुरुंग पेरायला आली होती त्याच बंदरात, निवृत्त झाली. तेव्हापासून साडेसात हजार किलोमीटरहून अधिक किनारपट्टी असलेल्या या देशाच्या नौदलात खास सुरुंग काढण्यासाठी बांधलेली एकही नौका उरली नाही.

हे अचानक घडले नाही. नव्या नौकांचा प्रस्ताव दशकभर फिरत राहिला. दक्षिण कोरियाच्या कंपनीशी चाललेला खरेदीचा करार मध्यस्थांच्या आरोपांमुळे २०१४ साली बारगळला. पुढे गोवा शिपयार्डमध्ये परकीय तंत्रज्ञानाच्या साहाय्याने बारा नौका बांधण्याचे ठरले आणि जानेवारी २०१८ मध्ये तेही रद्द झाले. सरकारे बदलली, संचिका फिरल्या, नौका मात्र झाल्या नाहीत. व्यवहार स्वच्छ असावा आणि तंत्रज्ञान देशी असावे, हा आग्रह योग्यच आहे. परंतु स्वच्छतेच्या आणि स्वावलंबनाच्या नावाखाली बंदराचे दार उघडे राहत असेल तर तो आग्रह अर्धाच ठरतो. स्वदेशी म्हणजे न घेणे नव्हे, स्वदेशी म्हणजे वेळेत करून दाखविणे.

चित्र अगदीच निराशाजनक नाही. मे २०२५ मध्ये संरक्षण संशोधन संस्था आणि नौदल यांनी देशी बनावटीच्या आधुनिक तळसुरुंगाची यशस्वी चाचणी घेतली. विशाखापट्टणमच्या प्रयोगशाळेबरोबर पुण्यातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेचाही त्यात वाटा आहे. १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथेच ‘अर्नाळा’ ही पाणबुडीविरोधी नौका दाखल झाली. वसईच्या किनाऱ्यावरील मराठ्यांच्या जलदुर्गाचे नाव धारण करणाऱ्या या नौकेला सुरुंग पेरताही येतात. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये संरक्षण खरेदी परिषदेने सुरुंगविरोधी नौकांच्या प्रस्तावाला पुन्हा मान्यता दिली. पण मान्यता म्हणजे नौका नव्हे. कागदावरच्या मान्यतेपासून पाण्यावर तरंगणाऱ्या नौकेपर्यंतचे अंतर या देशात किती लांब असते, हे मागील वीस वर्षांनी दाखविले आहे. भारत सुरुंग पेरायला शिकत आहे ही समाधानाची बाब. शत्रूने पेरलेले काढायचे कोणी आणि कशाने, हा प्रश्न उरतोच.

काहींचे म्हणणे असे की, आता मानवरहित यंत्रे आली, महागड्या नौकांची गरज उरली नाही. यंत्रमानव पाण्यात उतरून सुरुंग शोधतील हे खरे. परंतु ती यंत्रे वाहून नेणारी, स्वतःचा आवाज आणि चुंबकीय ठसा कमी ठेवणारी नौका लागतेच. ती चालविणारे, वर्षानुवर्षे हेच काम केलेले नौसैनिक लागतात. नौका निवृत्त झाल्या की केवळ लोखंड जात नाही, हाताला असलेले कसबही हळूहळू विरते. ते पुन्हा मिळविण्यास एक पिढी लागते.

आता मूळ प्रश्न. नगरच्या माणसाला याचे काय? नगर ते न्हावाशेवा हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरचे. जिल्ह्यातील कांदा परदेशी जातो तो बहुतांशी त्याच बंदरातून. प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, त्या जिल्ह्याची साखरही निर्यातीला जाते ती समुद्रमार्गेच. उसाला लागणारे पोटॅश या देशात पिकत नाही, ते जहाजानेच येते. पंपाला, ट्रॅक्टरला लागणारे डिझेल ज्या कच्च्या तेलापासून बनते, त्यातील पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. बंदराच्या तोंडाशी दहा-वीस सुरुंग पडल्याची नुसती वार्ता पसरली तरी जहाजांचे विमे कडाडतील, नाविक येण्यास नकार देतील आणि राहुरीच्या शेतकऱ्याला खताच्या दुकानासमोर रांग लावावी लागेल. कोणतीही पाणबुडी नगरला येणार नाही. तिला येण्याची गरजच नाही. मुंबईच्या समुद्रात पेरलेला सुरुंग पारनेरच्या शेतात फुटू शकतो.

म्हणून संरक्षणाचा विचार केवळ सीमेवरचा जवान आणि त्याची बंदूक एवढ्यावर थांबता कामा नये. लोकप्रतिनिधींना रस्ते आणि पाण्याबद्दल जाब विचारणारा नागरिक बंदरांच्या सुरक्षेबद्दलही विचारू लागला, तर संचिका अधिक वेगाने हलतील. सैनिकी शाळांत आणि छात्रसेनेत जाणाऱ्या नगरच्या मुलांना चिलखती दलाइतकीच नौदलाची वाटही दाखविली पाहिजे. शिवजयंतीच्या व्याख्यानांत प्रतापगड आणि पन्हाळा यांच्याबरोबर खांदेरीही आली पाहिजे. ज्या समाजाला समुद्र आपला वाटत नाही, त्याचे सरकारही समुद्राकडे शेवटीच वळते.

‘गाझी’ आजही विशाखापट्टणमच्या समुद्रतळाशी पडलेली आहे. त्या रात्री भारत वाचला तो शत्रू दुबळा होता म्हणून नव्हे, भारत जागा होता म्हणून. कृष्णन यांच्याजवळ आधुनिक साधने नव्हती. एक बिघडलेली विमानवाहू नौका आणि एक म्हातारी विनाशिका एवढ्या भांडवलावर त्यांनी शत्रूचा डाव उधळला. साधने अपुरी असताना दाखविलेली ती सावधगिरी, साधने उभी करणे शक्य असलेल्या आजच्या भारताने गमावू नये. पुढची ‘गाझी’ येईल ती जाहिरात देऊन येणार नाही. ती पेरून निघून गेल्यावरच तिची वार्ता कळेल, आणि त्या सकाळी बंदर साफ करायला निघण्यासाठी धक्क्यावर नौका उभी असली पाहिजे.